पंख्याची रेषा

दुपारची जराशी डुलकी लागली होती आणि घर एकदम गप्प झालं, त्यानंच देवेशला जाग आली. आवाजानं उठणारी माणसं पुष्कळ असतात. हा गडी गेल्या काही दिवसांत आवाज थांबला की दचकून उठायला शिकला होता. छताचा पंखा फिरत होता, खिडकीतला कूलर पाण्यावाचून नुसताच घरघरत होता, पण टेबलाखालच्या, कॉम्प्युटरच्या काळ्या डब्यातली ती मोठी, एकसुरी घोंघों खाली बसली होती. उशाचा टॉवेल खांद्यावर टाकून तो तसाच खुर्चीत जाऊन बसला आणि स्क्रीनकडं बघितलं. व्हायचं ते झालंच होतं. सकाळी एकेक ठिपका वर ओढून त्यानं आखलेली चढी रेषा गायब होती आणि तिच्या जागी कंपनीची जुनी आळशी रेषा पसरून पडली होती. कार्ड तापलं होतं, तापून थकलं होतं, आणि त्यावर तयार होत असलेली फिल्म मध्येच थांबली होती. तोंडात आलेली शिवी त्यानं अर्धी गिळली, कारण पलीकडं स्वयंपाकघरात आई मोरीजवळच्या बुटक्या स्टुलावर बसलेली होती. ‘काय झालं रे?’ तिनं तिथूनच विचारलं. ‘परत रिसेट झालं.’ ‘म्हणजे काय झालं?’ ‘सॉफ्टवेअर आहे आई. तुला नाही कळायचं,’ तो म्हणाला आणि ठिपके पुन्हा वर ओढायला लागला.

तसं बघितलं तर गोष्ट शाळेतल्या पोराला कळावी इतकी सोपी होती. डब्यात एक ग्राफिक्स कार्ड होतं, चित्रं तयार करायचं सगळं ओझं त्याच्या डोक्यावर. काम करताना ते तापतं, म्हणून त्याला तीन बारके पंखे. किती तापलं की पंखे किती जोरात फिरवायचे, हे एका सॉफ्टवेअरात रेघ ओढून सांगायचं असतं. कंपनीनं आपली रेघ कुठल्या तरी थंड देशात बसून ओढली असणार, कारण तिच्या हिशेबानं पंख्यांनी बराच वेळ निवांत राहायचं होतं. इथं पडेगावात, वैशाखात, भिंतीला पाठ टेकली तरी चटका बसतो, तिथं ही रेघ काय कामाची? म्हणून देवेशनं आपली रेघ ओढली होती, सुरुवातीपासूनच चढी. पंखे बोंबलायचे, पण कार्ड शुद्धीवर राहायचं. आणि दिवसातून केव्हा तरी, तो पाठ वळवून कुठं गेला की ती रेघ आपोआप पुसली जायची. आपोआप हा शब्द त्याचा. त्या शब्दावर त्याचा इतका भरवसा बसला होता की त्यानं आपोआपच्या पलीकडं कधी पाहिलंच नाही.

उपाय म्हणून त्यानं काय कमी केले होते? सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. जुनं टाकलं, नवं टाकलं. मदरबोर्डच्या कंपनीचं दुसरं एक सॉफ्टवेअर गुपचूप पंख्यांवर हक्क सांगत असेल म्हणून ते उपटून काढलं. मशीन चालू होतानाच रेघ लागू व्हावी अशी खूण केली, मग ती उशिरानं लागू व्हावी अशी केली. इंटरनेटवर ह्याच दुखण्याची माणसं सापडली, कोण ब्राझीलचा, कोण पोलंडचा. सगळ्यांनी आपापली रड लिहून ठेवली होती, खाली दहा जणांनी ‘माझंही असंच होतंय’ म्हटलं होतं आणि बोलणं तिथंच संपलं होतं. त्यांना वाचताना देवेशला बरं वाटायचं. दादा गेल्यावर घरी भेटायला आलेली माणसं अशीच बसायची. त्यांच्याकडंही उपाय नव्हता, पण ती सतरंजीवर बसून असायची.

दादा म्हणजे त्याचे वडील, वैजनाथराव. गेल्या पावसाळ्यात, म्हणजे पावसाळा नावाच्या त्या कोरड्या महिन्यांत, ते गेले. जन्मभर कारकुनी केली, आणि दौलताबाद रोडच्या कडेला नुसती कुसळं होती तेव्हा इथं प्लॉट घेऊन हे घर बांधलं. हॉल आणि स्वयंपाकघर ह्यांच्यात दार ठेवलं नाही, वारं खेळावं म्हणून नुसती कमान ठेवली. आतली एक खोली पत्र्याची; ‘पोरगं कमवायला लागलं की स्लॅब टाकू’ म्हणत ती पत्र्याचीच राहिली. पोरगं वाळूजच्या कारखान्यात कमवायला लागलं आणि कमवता कमवता कंटाळलं. नोकरी सोडून घरीच बिल्डरांची चित्रं करतो म्हणाला, तेव्हा दादा आजारी होते. त्यांनी नाही म्हटलं नाही. ‘एक वर्ष बघ,’ एवढंच म्हणाले. ते वर्ष आता सरत आलं होतं. मधल्या काळात जी कामं आली ती किरकोळ होती, आणि कारखान्यातल्या साहेबाचा निरोप दोनदा येऊन गेला होता की जागा रिकामी आहे, यायचं तर लौकर सांग. शिफ्टच्या त्या बसचा, तिच्यातल्या डिझेलच्या आणि झोपेच्या वासाचा विचार आला की देवेश उत्तर द्यायचं पुढं ढकलायचा. त्याला परत जायचं नव्हतं, आणि न जाण्याचं एकच साधन आता हाताशी होतं: तात्यासाहेबांची फिल्म.

तात्यासाहेब मूळचे इथलेच, जमीनजुमलेवाले. ज्वारीचं रान मोडून त्यांनी तिथं ‘सरोवर पार्क’ काढलं होतं. अजून तिथं चुन्याच्या फक्क्या आणि एक कमान एवढंच होतं, पण अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखितीला, सकाळी भूमिपूजन, मांडव, पाहुणे, आणि मोठ्या पडद्यावर फिल्म. ‘देवेशराव, बाकी कायबी कमीजास्त होऊ द्या, पण पोहायचा हौद लई भारी झाला पायजे,’ ते खुर्चीत मागं रेलून म्हणाले होते. ‘पाणी निळंशार पायजे. बघणाऱ्याला उडी मारू वाटली पायजे.’ आणि मग, उठता उठता, ‘हे नीट झालं तर पुढची समदी कामं तुम्हालाच. शब्द आहे आपला.’ आता गंमत अशी की कार्डाला सगळ्यांत जड जातं ते पाणीच. भिंती, रस्ते, हसणारी कुटुंबं, हे ते चुटकीसरशी काढतं. पण पाणी आलं की उजेड त्यात शिरतो, वाकतो, तळाच्या फरशीवर हलतो, परत वर येतो, आणि त्या प्रत्येक हलण्याचा हिशेब कार्डाला करावा लागतो. धरण तळाला गेलेलं, गल्लीत टँकर आला की हंड्यांची रांग, आणि त्याच गल्लीत एका टेबलाखाली तीन बारके पंखे नसलेल्या पाण्यापायी जीव काढत होते. देवेशला हे कधीमधी जाणवायचं. जाणवलं की तो उठून थोडं पाणी प्यायचा, माठावरचं झाकण नीट ठेवायचा आणि परत कामाला बसायचा.

आता फक्त हौदच उरला होता. आखिती उद्यावर आली होती. पंखे न थांबता बोंबलत राहिले तर दिवेलागणीपर्यंत फिल्म पुरी होणार होती. आणखी एकदा ती रेघ पुसली गेली तर नाही. इतकं ते सरळ होतं. त्यानं रेघ ओढली, बरोबरच्या खुणेवर क्लिक केलं, घोंघों चढलेली ऐकली आणि खुर्चीतच बसून राहिला, राखणीला बसावं तसा. बसलं की काही होत नव्हतं. तासभर काहीच झालं नाही. रेघ जागच्या जागी, पंखे जोरात, निळं पाणी एकेका चित्रानं पुढं सरकतंय. मग कमानीत येऊन आई जरा मोठ्यानं म्हणाली, ‘दूध आणतोस का? संध्याकाळच्या चहाला नाही.’ तो नाखुशीनंच उठला.

कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेला आणि लक्षात आलं, पैसे घरीच राहिले. दुकानदार ‘मग द्या’ म्हणत होता, पण देवेशला निमित्तच हवं होतं. तो माघारी फिरला. दार उघडंच होतं. चपला काढता काढता त्यानं आत पाहिलं, आणि एका पायातली चप्पल तशीच राहिली.

आई त्याच्या खुर्चीशी वाकली होती. पदर खोचलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. डाव्या हाताचं बोट तिनं स्क्रीनजवळ धरलं होतं, आणि उजव्या हातानं माऊस असा धरला होता की जणू उतू जाणाऱ्या भांड्याचं झाकण. बोट खालच्या कोपऱ्यात गेलं, घड्याळाशेजारच्या बारक्या चित्रावर. एक क्लिक. मग गोल वळलेल्या बाणावर. दुसरं क्लिक. तीन पंखे एकदम खाली आले, घर गप्प झालं. तिनं माऊस अलगद जागेवर ठेवला, हात पदराला पुसला, मान तिरपी करून स्वयंपाकघराकडं कान दिला, आणि जाऊन मोरीजवळच्या स्टुलावर बसली.

आधी त्याला रागच आला, खोटं कशाला सांगा. ब्राझील झालं, पोलंड झालं, आणि चोर घरात. पण राग वर येता येता मध्येच एका आठवणीला अडकला आणि तिथंच राहिला. मागचा उन्हाळा. एका हॉटेलवाल्याच्या चित्रांसाठी तो वेरूळला गेला होता, मशीन घरी चालू ठेवून. दादांची खाट तेव्हा हॉलमध्येच होती. दुपारी आईचा फोन आला, ‘अरे, तुझं मशीन किंचाळतंय. ह्यांचा आत्ता कुठं डोळा लागला होता.’ मग लेण्याच्या आवारात, एका लिंबाच्या सावलीत उभं राहून, त्यानंच तिला सांगितलं होतं: घड्याळापाशी पंख्याचं बारकं चित्र आहे, ते दाब, मग गोल बाण, तो दाब. दोनतीनदा चुकली, मग जमलं. ‘बसलं बाई खाली,’ ती फोनवर कुजबुजली होती, आणि तिच्या आवाजातला आनंद त्याला आत्ता ऐकू आला, इतका स्पष्ट. शेजारच्या द्वारकाबाईंना ती कितीतरी दिवस सांगत होती, मला कॉम्प्युटरचं येतं म्हणून. त्या उन्हाळ्यात किती दुपारी तिनं तो बाण दाबला असेल, आणि दादांना झोप लागली असेल. देवेश ते साफ विसरून गेला होता. आणि तिनं दोनदा विचारलं होतं, काय झालं रे, काय झालं. त्यानं सांगितलं असतं तर तिला तेव्हाच कळलं असतं. तुला नाही कळायचं, म्हणाला होता. त्याला आपल्याच तोंडाची लाज वाटली.

तो जाऊन कमानीला टेकून उभा राहिला. ‘आई, मशीनचा आवाज तू कमी केलास?’

‘तू आलास व्हय? हो, केला की. परत वाढवीन म्हटलं, पण ते वाढवायचं नाही येत मला.’ ती अगदी सहज बोलत होती. ‘आपल्या गल्लीला पाणी सुटणारे म्हणतात आज. द्वारकाबाई सांगून गेल्या. नळ सोडून ठेवलाय. पण तुझ्या त्या घोंघाटात ऐकू कुठं येतं काय?’

नळाला आधी हवा येते, हे ह्या कॉलनीत मांजरालाही ठाऊक. कोरड्या नळातून सूं असा बारीक आवाज निघतो, मग थुंकल्यासारखं पाणी, मग थोडा वेळ बरी धार, आणि खेळ खलास. तो सूं चुकला की आठवडा गेला, आणि ह्या वर्षी तर आठवडेच्या आठवडे नळ गप्प होता. देवेश म्हणाला, ‘पण टाकी भरलेली आहे ना? परवाच टँकर घेतला.’

‘वापरायला आहे,’ आई म्हणाली. मग बाजूला बोट दाखवून, ‘उद्या आखिती आहे, देवेश. ह्यांच्या नावाचा पहिला करा भरायचाय.’

स्टुलाशेजारी तो करा ठेवलेला होता, मातीचा, नवा, तांबूस, गळ्याला पांढरा दोरा बांधलेला. गेलेल्या माणसाच्या नावानं आखितीला असा करा पाण्यानं भरायचा, वाळा टाकायचा, वर आंबा ठेवायचा आणि कुणाला तरी द्यायचा, म्हणजे त्या माणसाला तिकडं तहान लागत नाही. देवेशला हे माहीत होतं, पण हे आपल्या घरातही येणार हे त्याच्या ध्यानात नव्हतं. त्याच्या लेखी उद्याची आखिती तात्यासाहेबांची होती.

‘टँकरचं पाणी कुठल्या विहिरीचं, कुणाचं, काही ठाव आहे का,’ ती कऱ्याकडं बघत म्हणाली. ‘ह्या नळासाठी किती वर्षं चपला झिजवल्या त्यांनी. नळ आला त्या दिवशी पेढे वाटले होते गल्लीत. आता त्यांच्याच नावाचा करा मी टँकरनं भरू? नळाचं आलं तर बरं वाटेल मला. नाही आलं तर नाही.’ हे शेवटचं ती उगीच म्हणाली, हे दोघांनाही कळत होतं.

‘आणि तू रोज असा आवाज बंद करत होतीस?’

‘तू खुर्चीत नसलास की. नळाची चाहूल लागायला नको का? तू बसलास म्हणजे काम चाललेलं असतं, तेव्हा नाही मी हात लावत.’ आणि मग त्याच्या चेहऱ्याकडं पाहून तिचा आवाज बारीक झाला. ‘का रे? काही बिघडलं का त्यानं?’

त्याच्या मनात आलं, सांगावं. मग म्हणाला, ‘थोडं काम राहिलंय. ते आवाजातच करावं लागतं. संध्याकाळपर्यंत.’

‘मग कर की. आवाज वाढव तुझा. मी असं कान लावून बसते,’ आई म्हणाली आणि खरंच स्टूल नळाच्या आणखी जवळ ओढून घेतलं.

तो हॉलमध्ये गेला. कार्ड अजून तापून थांबलं नव्हतं. त्यानं ठिपके वर ओढले, बरोबरची खूण दाबली. घोंघों चढली. खुर्चीत बसून त्यानं स्वयंपाकघराकडं पाहिलं. आई नळाला कान लावून बसली होती, डोळे मिटून, आणि त्या आवाजात तिला काही म्हणजे काही ऐकू येणार नव्हतं. मशीन पत्र्याच्या खोलीत न्यावं तर कार्ड भाजून निघेल. पंखे हळू करावे तर हौद पुरा होणार नाही. निळं पाणी पुढं सरकत होतं. काय करावं हे त्याला सुचेना. तो नळाकडं नुसता बघत राहिला, आणि बघता बघता तिथं दादा दिसले. म्हणजे आठवले, पण दिसल्यासारखेच. शेवटी शेवटी त्यांना कानानं कमी यायचं. तरी पाणी आल्याचं सगळ्यांत आधी त्यांनाच कळायचं. ते त्याच स्टुलावर बसायचे आणि अंगठा नळाच्या तोंडाखाली धरून ठेवायचे, पेपर वाचता वाचता. ‘आधी गरम हवा लागते,’ एकदा त्यांनी सांगितलं होतं. ‘पाइपातली, उन्हानं तापलेली. ती गार लागायला लागली की मागं पाणी आलं समजायचं.’ देवेशला तेव्हा हसू आलं होतं.

तो उठला. ‘आई, तू पड जरा. मी बसतो इथं.’

‘तू? अरे, तुझं काम?’

‘ते त्याचं त्याचं चाललंय. मला फक्त रेघ राखायची असते.’ मग जरा हसून, ‘आता ती पुसायला कुणी येणार नाही म्हणा.’ आईला ह्यातलं काही कळलं नाही, पण ती पहाटेपासून त्या स्टुलावर होती. गुडघ्यावर हात टेकून उठली, हॉलमध्ये दादांची खाट असायची त्या जागी चटई टाकून आडवी झाली, आणि त्या सगळ्या घोंघाटात तिला झोप लागली. देवेशनं स्टूल पुढं घेतलं आणि उजव्या हाताचा अंगठा नळाच्या तोंडाखाली धरला.

हात अवघडतो. पहिल्यांदा खांदा भरून येतो, मग कोपर. पितळी कडा अंगठ्याला लागत होती, खडबडीत, जराशी हिरवी पडलेली. अंगठ्यावर लक्ष ठेवून बसणं ही किती चमत्कारिक गोष्ट आहे, हे त्याला नव्यानं कळत होतं. थोड्या वेळानं आख्खा माणूस तेवढ्यात जाऊन बसतो. कमानीतून मशीनचा वारा येत होता, पायांवर गरम लागत होता. दादा इथं बसून काय विचार करत असतील? पेपर असायचा म्हणा. पेपर नसेल तेव्हा? पोरगं कारखाना सोडून चित्रं काढतंय, त्याचं कसं होईल, हेच असणार दुसरं काय. एक वर्ष बघ. दादा, बघितलं. जमेल असं वाटतंय, खात्री नाही. हे त्याला त्यांना सांगावंसं वाटलं, आणि सांगायला माणूस नाही हे इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याला असं सरळ, कोरडं कळलं. तो मोरीत बसून थोडा रडला. आवाज मशीनचा मोठा होता, त्यामुळं कुणाला काही ऐकू आलं नाही. डावा हात मोकळा होता, त्यानं डोळे पुसले. अंगठा त्यानं हलवला नाही.

ऊन खिडकीतून उतरून ओट्याखाली गेलं. द्वारकाबाईंच्या घरी कुणीतरी बादली आपटली. आणि मग अंगठ्याच्या पेराला काहीतरी लागलं. इतकं बारीक की भास म्हणून सोडून द्यावं. फुंकर. गरम. त्यानं श्वास रोखला. फुंकर थांबली, परत आली, थांबली, मग सलग यायला लागली, तापल्या मातीची, जुन्या गंजाची. ‘आई,’ त्यानं हाक मारली. ती उठली नाही. पंख्यांनी हाक खाऊन टाकली. तो मोठ्यानं हाक मारणार, तोच हॉलमधली घोंघों एकाएकी खाली आली, आली, आणि बसली.

रेघ पुसायला आता घरात कुणी नव्हतं. म्हणजे एक तर हौद पुरा झाला होता, नाहीतर कार्डानं मान टाकली होती. तिसरं काही असू शकत नव्हतं. चार पावलांवर स्क्रीन होता. देवेश अर्धा उठला. आणि त्या शांततेत नळाचा सूं त्याला ऐकू आला, स्वच्छ, आणि चटईवर आई खाडकन उठून बसली.

‘आलं का रे?’

‘हवा आहे अजून,’ तो म्हणाला. अंगठ्याला गार लागत होतं. तो परत स्टुलावर बसला.

ती कमानीत आली, केस तसेच विस्कटलेले, आणि एकदा त्याच्याकडं, एकदा मागं काळ्या डब्याकडं पाहिलं. ‘तुझा आवाज थांबला. मी नाही हात लावला.’

‘माहितीये.’

‘मग बघ जा काय झालं. मी बसते.’

‘बघतो नंतर. करा दे आधी.’

नळ खाकरला, लाल पाणी थुंकला, परत खाकरला. मग धार लागली, करंगळीएवढी, आधी गढूळ, मग निवळत निवळत चांगली. आईनं करा पुढं केला, त्यानं तो दोन्ही हातांनी धारेखाली धरला. कोऱ्या मातीनं पहिलं पाणी चुर्रर्र करून पिऊन टाकलं आणि भिजल्या मातीचा वास मोरीभर झाला. करा गळ्यापर्यंत भरला तसा तिनं तो त्याच्या हातातून घेऊन ओट्यावर ठेवला, वर ताटली ठेवली, आणि बादली नळाखाली सरकवली.

‘इतक्या आवाजात तुला ऐकू कसं आलं रे?’ तिनं विचारलं.

त्यानं अंगठा पुढं केला. पेरावर नळाच्या कडेचा अर्धा गोल वळ उठला होता, भोवती गंजाची लाली. आई त्या अंगठ्याकडं बघत राहिली. त्या जागी तसलाच वळ तिनं आधी पाहिलेला होता, पुष्कळ वर्षं. तिनं त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि पदरानं तो अंगठा पुसला. पुसून झाला तरी पुसत राहिली. बादली भरत होती, हॉल गप्प होता, आणि बराच वेळ दोघांपैकी कुणीच तिकडं बघायला गेलं नाही.